अंजन फोडणारा राकस

जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायचं नाही. जेठासमोर पदर नाकाखाली ओढून उभं राहायचं, आणि काही सांगायचंच असलं तर ते भिंतीला नाहीतर दावणीच्या म्हशीला सांगायचं. जेठांनी ते बाजूला उभं राहून ऐकून घ्यायचं, उत्तरही तसंच द्यायचं. अशी आमच्याकडची रीत. मी रनाळ्याची लेक, फाटक्या तोंडाची म्हणून माहेरातच नाव काढलेली. लग्न होऊन प्रकाशा तीर्थाच्या वाटेवरच्या या गावात आले तेव्हा आईने बजावलं होतं, "जीभ दातांच्या आत ठेव." ठेवली. पण म्हशीशी मी जे काही बोलले ते सगळ्या गल्लीने ऐकलं. त्याला माझा इलाज नव्हता. म्हैस जरा लांब बांधलेली असायची.

सासऱ्यांनी गावाच्या टोकाला, आमच्या घराला लागूनच, लाकडाची वखार घातली होती. तापीच्या घाटावर मयत घेऊन जाणारे, लग्नघरवाले, गुळाच्या कढया चढवणारे, सगळे आमच्याकडून सरपण नेत. सासरे गेले आणि वखार थोरला म्हणून जेठांनी सांभाळली. माझा नवरा (नवऱ्याला मी नवराच म्हणते, कुणाला राग आला तर येवो) नंदुरबारला कापसाच्या जिनमध्ये फिटर होता. सरकीतून रुई काढायची यंत्रं तिथे रांगेने चालायची, आणि छताखालच्या एका लांब दांड्यावरून प्रत्येक यंत्राला चामड्याचा पट्टा यायचा. ऐन हंगामात चालू यंत्रावर पट्टा चढवताना त्यांचा उजवा हात पट्ट्याबरोबर आत गेला. कोपराखाली काही राहिलं नाही.

नवे पैसे नुकतेच निघाले होते तेव्हाची ही गोष्ट. ते घरी आले, जखम भरली, आणि एक दिवस जेवताना जेठांनी सांगून टाकलं, "दोन टाइम खावाले भेटी. आखाजीपाईन वखार मी दुसरा मानूसले दी देस. तू मळामा राखणीले बस."

कॅलेंडरात वर्ष पाडव्याला बदलत असेल, आमच्या खानदेशात माणसांचं वर्ष बदलतं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सालदाराचं जुनं साल त्याच्या आदल्या संध्याकाळी संपतं आणि आखाजीला नवं ठरतं. मालक नव्या सालदाराच्या हातात नारळ देतो, त्याने तो घेतला की वर्षभर तो त्या घराचा. तर या आखाजीला आमच्या सासऱ्यांच्या वखारीत कुणी परका नारळ घेऊन उभा राहणार होता, आणि ज्याची ती निम्मी वखार, तो मळ्यात पाखरं हाकलत बसणार होता. माझा नवरा खाली मान घालून भाकरी चुरत राहिला. डाव्या हाताने. मला तर अस्सा राग आला! उठले आणि म्हशीला म्हणाले, "काय वं बाई, तुझं एक शिंग मोडेल शे, मग तुले कोनी मळामा हाकली दिनं का?"

जेठांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवसापासून नवरा वखारीत जाऊन डाव्या हाताने कुऱ्हाड चालवायला लागला. लिंब फुटायचा, आंबा फुटायचा. अंजन फुटेना. आमच्याकडचं अंजनाचं लाकूड ज्याने फोडलंय त्यालाच माहीत, ते लोखंडाचा मामेभाऊ आहे. दोन हातांचे गडीसुद्धा अंजनाचे ओंडके कोपऱ्यात ढकलून द्यायचे, आणि तिथे त्यांचा मोठा ढीग साठलेला. एक दिवस कुऱ्हाड अंजनावरून उसळली आणि यांच्या नडगीला लागली. मी धावले. ते ओंडक्यावर बसून होते आणि रक्ताकडे न बघता त्या ओंडक्याकडेच बघत होते.

"लाकूड फोडाले हात लागत नही," ते म्हणाले. "घाव लागस."

"मंग घाव कोन घाली? मन्हा बाप?"

"जिन घाली."

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

पण नव्हता झाला. ती जिन त्याच वर्षी मोडीत निघाली होती. मालकाला आमच्या तोंडाकडे बघायची लाज वाटत असावी. म्हणाला, भंगारातून काय हवं ते उचला. बैलगाडी घेऊन आम्ही दोघं गेलो. नवऱ्याने काय निवडलं? ज्या यंत्रात हात गेला तेच. त्याचा दांडा, त्याच्या पुल्या, ते जड फिरतं चाक, सुरी वर-खाली करणारा वाकडा दट्ट्या, आणि तो पट्टासुद्धा.  म्हटलं, "हाऊच पट्टा कसाले?" तर म्हणाले, "हाऊ माले वळखस."

गाडी दारात आली तेव्हा जेठाणीने, म्हणजे माझ्या थोरल्या जावेने, कपाळावर हात मारला. "माय वं! त्या पट्टाना तोंडले रगत लागेल शे. हाऊ राकस घरमा कसाले आना?" त्या दिवसापासून त्याचं नाव राकसच पडलं.

मळ्यातल्या विहिरीवरचं जुनं तेलाचं इंजिन गवतात पडून होतं, पाण्याच्या कप्प्याला भेग गेलेली. ते वखारीत आणलं, लोहाराने भेगेवर पत्रा ठोकून दिला. तरी ते गळायचंच, खाली घमेलं ठेवावं लागायचं. खापर गावच्या बाजारातून लाकूड कापायच्या गिरणीची टाकून दिलेली गोल करवत आणली, दात म्हाताऱ्यासारखे. ती मी पायांत घट्ट धरून बसायची आणि ते डाव्या हाताने एकेक दात कानशीने घासायचे. मालमोटारीच्या कमानीचा पाटा तापवून लोहाराने जाड पाचर केली. ती दट्ट्याला बसवली, म्हणजे जिनमध्ये जिथे सुरी वर-खाली व्हायची तिथे आता पाचर वर-खाली होणार. करवतीवर ओंडका आडवा कापायचा, तुकडा पाचरीखाली सरकवायचा, खलास. सांगायला सोपं. बसवता बसवता आमची दोघांची रोज भांडणं झाली. नट ते सांगायचे, पाना मी फिरवायची, उलटा फिरवला की ओरडायचे, मी पाना फेकून निघून जायची, मग परत यायची. त्यांचा उजवा हात मीच होते, आणि तो हात फार भांडखोर होता!

गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नांगराला बाईचा हात लागला तर पाऊस रुसतो, इंजिनाला लागला तर काय होईल? मी म्हणायची, इंजिन रुसतं, तेवढं मला माहीत आहे. रोजच रुसतं.

पहिल्यांदा चालवायचं ठरलं तेव्हा अर्धं गाव जमलं. नवं यंत्र, नारळ तर फोडायला हवा. मी जेठाणीकडे मागायला गेले, कारण देवघराच्या फडताळाची किल्ली तिच्या कमरेला. ती म्हणाली, "रगत पेयेल लोखंडले नारळ कसाना?" आणि फडताळाला पाठ लावून उभी राहिली. आले तशीच, हात हलवत. कासोटा खोचला, हँडल मारलं. इंजिन खोकलं, धूर सोडला आणि लागलं ठक ठक करायला. नवऱ्याने ओंडका करवतीवर टेकवला मात्र, करवतीने तो असा भिरकावला की तो पाण्याच्या रांजणावर जाऊन पडला. रांजणाचे तुकडे! माणसं पोट धरून हसली. "जिन कापूस पिंजी, लाकूड नही," कुणीतरी म्हणालं. जेठ हसले नाहीत. ओल्या जमिनीकडे बघून नुसते म्हणाले, "आखाजीलोंग बठ्ठं उचली ल्या." आखाजीच्या आत सगळं उचला, एवढंच.

गर्दी पांगल्यावर कळलं, करवत उलटी फिरत होती. जिनमध्ये इंजिन एका अंगाला असायचं, आम्ही तोंड फिरवून दुसऱ्या अंगाला ठेवलं, आणि पट्टा मात्र लोहाराकडून जिनच्या सवयीने सरळच चढवून घेतला. दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचीच अशी चूक होते, नवख्याने आधी विचारलं असतं. उपाय एवढासा: पट्ट्याला मध्ये एक पीळ द्यायचा, म्हणजे चाक उलट फिरतं. पण पट्टा चढवायचा कुणी? नवरा पट्ट्याजवळ गेला आणि थांबला. कपाळावर घाम आला त्यांच्या. मला तेव्हा रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "सरका." इंजिन बंद होतं. जिनमध्ये इंजिन बंद करून पट्टा कुणी चढवत नसे, हंगामात थांबायला वेळ कुणाला होता! आम्हाला होता. मी पीळ घालून पट्टा चढवला, आणि ते पूर्ण वेळ ओरडत होते, "बोटं दूर! बोटं दूर!"

त्या दिवशी अंजन फुटलं. पाचर खाली आली, टाण्णकन आवाज झाला आणि आतलं काळपट लाल लाकूड उघडं पडलं. बघायला आम्ही दोघं आणि म्हैस.

नवऱ्याने जेठांना सांगितलं तर ते म्हणाले, एका ओंडक्याने वखार चालत नाही. नवा माणूस ठरला होता. त्याच्या हाती मोकळी वखार द्यायची म्हणून त्यांनी फोडलेलं होतं नव्हतं ते सगळं सरपण विकून टाकलं. राहिला तो कोपऱ्यातला अंजनाचा ढीग. आखाजीच्या आदल्या दिवशी गड्यांनी दुपारीच कुऱ्हाडी ठेवल्या, साल संपलं, डोंगरातले गडी डोंगराकडे निघूनही गेले. आणि त्याच दुपारी एका लग्नघराच्या गाड्या वखारीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आखाजीचा मुहूर्त, सगळं गाव जेवायला, चुली खणून तयार. जेठांनी होळीच्या सुमाराला त्यांना शब्द दिला होता आणि वखार रिकामी करायच्या नादात विसरून गेले होते. हाय रे कर्मा! आखाजीच्या तोंडावर साल संपलेल्या गड्याला कुऱ्हाड धर म्हणणं म्हणजे उपासाच्या दिवशी मटण वाढणं. कुणी हात लावणार नव्हतं.

तेवढ्यात माझा भाऊ मला आखाजीला माहेरी न्यायला आला. नवी टोपी घालून, बैलांना झुली चढवून. "चाल ताई, झोका बांधेल शे."

"भाऊ, बैल सोड," मी म्हटलं. "टोपी काढ. लाकडं उचल."

जेठ फाटकात उभे होते. लग्नघरचे त्यांच्याकडे बघत होते. मी अंजनाच्या ढिगाजवळ गेले आणि एका ओंडक्याला म्हणाले, मोठ्याने, "काय रे, लग्नघर उपाशी ऱ्हायनं तर नाव कोनं जाई? मन्हा सासरानं जाई. राकसले सांगू का चालाले?"

 जेठ म्हशीकडे वळले. "सांग वं तिले," म्हणाले, "चालू कर म्हन."

मी हँडल मारलं. भाऊ ओंडके आणत होता, नवरा करवतीवर लावत होता, तुकडे मी पाचरीखाली सरकवत होते. इंजिन तापलं की घमेल्यातलं पाणी परत त्याच्याच डोक्यावर. सगळ्या वखारीत अंजनाचा कडवट वास भरला. मध्येच मागे वळून बघते तर डोक्याचं पागोटं काढून कंबरेला बांधलेले जेठ फोडलेली लाकडं गाडीत टाकत होते. दिवस मावळायच्या आत गाड्या निघाल्या. भावाची नवी टोपी तेलाने काळी झाली होती. रनाळ्याला तो एकटाच गेला आणि आईला म्हणाला, "ताई यावाव नही, ती लाकडं फोडी ऱ्हायनी." आई म्हणे हसली.

आखाजीला जेवणं झाली, आमरसाचे हात धुऊन मंडळी वखारीत जमली. नवा माणूस आला, राकसाभोवती एक फेरी मारली, म्हणाला, "मी कुऱ्हाडना मानूस शे. या राकसजोडे मी उभा ऱ्हावाव नही." आणि गेला. जेठांच्या हातात नारळ तसाच. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्यासमोर आले. चेहऱ्यावर मोठेपणा होता, प्रेमही होतं, ते मी नाकारत नाही. "ले भाऊ," म्हणाले, "वखार तूच देख. हाऊ सालना नारळ."

आणि माझ्या नवऱ्याने डावा हात पुढे केला! डोळ्यांत पाणी आणून. बापाच्या वखारीत सालदार व्हायला निघाला होता, तेही खुशीने. एवढं खचवलं होतं त्यांना त्या दोन वेळच्या भाकरीने.

मी पदर मागे टाकला. सगळ्यांसमोर. मधल्यामध्ये नारळ घेतला आणि राकसाच्या चाकाखालच्या दगडावर आपटला. एका घावात दोन भकलं. पाणी चाकावर उडालं, पट्ट्यावर उडालं. जेठाणी "वं माय!" करून ओरडली.

जन्मात पहिल्यांदा मी जेठांच्या डोळ्याला डोळा दिला. "दादा, नारळ सालदारले देतस, भाऊले नही. वखार दोन्ही भाऊनी शे. हाऊ नारळ राकसना व्हता, तुमना घरमा बाकी ऱ्हायेल." खोबऱ्याचा तुकडा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "ल्या. परसाद शे."

 मी हात खाली घेतला नाही. जेठांनी तुकडा घेतला, तोंडात टाकला. चावायला त्यांना बराच वेळ लागला. म्हैस पलीकडेच बांधलेली होती, पण तिच्याकडे ते वळले नाहीत.

"गोड शे," ते मला म्हणाले.