गावातली एकुलती एक बंदूक

वनखात्यात नोकरी करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. देवगाव फाट्यावर चहाला टेकलं की कुणीतरी शेजारी येऊन बसतं आणि आमच्याकडं काय झालं माहितीय का, असं सुरू करतं. पीक खाणारे रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं मारायची परवानगी सोपी झाली, तेव्हापासून तर माझ्याकडं नुसता ढीग साचलाय. त्यातले निम्मे किस्से एकट्या दत्तामामांचे.

वालूरकडच्या आमच्या एका गावाला पहिली परवानगी मिळाली तेव्हा सगळे खूश. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की मारणार कोण? सगळे माझ्याकडं बघायला लागले. अहो, मी साधा वनरक्षक, माझ्या हातात काठी! परवान्याची बंदूक अख्ख्या गावात एकच, फौजेतून रिटायर झालेल्या दत्तामामांची.

*

पहिल्या सकाळी मामा डुक्कर मारायला निघाले, तर मागं निम्मं गाव. मोबाईल सगळ्यांचे वर धरलेले, एकानं तर भजी बांधून आणलेली. उसाच्या कडेला किती वेळ बसलो, पण डुक्कर सोडा, उंदीरही फिरकला नाही.

मामा उठले, बंदूक खांद्याला लावली आणि शांतपणे म्हणाले, "वरात घेऊन आलाव तुमी. आता डुकरानं काय ओवाळायला यावं का?"

*

दुसऱ्या खेपेला आम्ही दोघंच गेलो. गोळी लागली, पण डुक्कर पडलं नाही, तुरीत घुसलं. जखमी डुकराच्या मागं जाणं म्हणजे जिवाशी खेळ. मी म्हणालो, जाऊ द्या मामा, मरेल ते आपोआप. मामा ऐकायला थांबलेच नाहीत, रक्ताच्या थेंबामागं चालू लागले. ऊन डोक्यावर आलं. शेवटी ओढ्यात ते सापडलं, तडफडत होतं. मामांनी दुसरी गोळी घातली आणि बंदूक खाली ठेवली.

"गोळी माजी, तर तिचं दुखणं बी माजंच की," म्हणाले.

त्या दिवसापासून मी या माणसाला मनापासून मानतो. पुढं जनावर एका जागी उभं असल्याशिवाय त्यांनी घोडा कधी ओढला नाही.

*

मध्यंतरी पाथरीकडून एक जीप आली. आत गॉगलवाले चौघं. शिकारीवरची बंदी उठली म्हणे, आम्हाला ससे आणि तितर दाखवा, म्हणायला लागले. ससा नाही, तितर नाही, फक्त पीक खाणारे रोही आणि डुकरं, तेही लेखी परवानगीनं, हे मी सांगून थकलो.

मामांनी त्यांना चहा मागवला. म्हणाले, बरं झालं गाडी आणली, आज एक रोही मारायचाय, पंचनाम्याला न्यायला तुमची मागची सीट लागेल, आणि वास दोन-चार महिन्यांत जातो.

चौघांनी चहा अर्धाच सोडला!

*

गावातल्या एकानं मामांचा जुना फौजी कोट मागून नेला आणि बुजगावण्याला घातला. रोही खरंच त्या शेताकडं फिरकेनात. मामा एकदा बांधावरून जाताना थांबले, कोटाकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "माज्यापेक्षा ह्याचा वचक जास्ती. पुढच्या परवानगीवर ह्याचंच नाव टाका."

*

आणि ही सोजरबाई. दरवर्षी ऊसतोडीला जाणारी बाई, यंदा हरभऱ्याच्या भरवशावर गावातच राहिली. रोह्यांनी निम्मा हरभरा फस्त केला. भर ग्रामसभेत ती मामांना म्हणाली होती, की तुमची बंदूक काय खुंटीला टांगायला हाय का? राहिलेलं पीक गेलं तर वर्षभर खायचं काय, हा तिचा प्रश्न खराच होता. तिनं माझ्यामागं लागून परवानगी आणली.

सकाळी आम्ही तिघं शेतात गेलो. पल्याडच्या बांधाशी मोठा रोही उभा, खाली मान घालून चरत होता. मामा पालथे पडले, नेम धरला. असा उभा रोही परत मिळायचा नाही.

सोजरबाई हळूच म्हणाली, "भावजी, मला बगवायचं न्हाई. मी घरी गेल्यावर मारा."

मामांनी मान हलवली. ती मागं वळून निघाली. मामा नेम धरून थांबले. रोही खात होता, एकेक झाड जात होतं. बराच वेळ झाला.

"वैनी, गेलाव का?" मामांनी मागं न बघता विचारलं.

"जायलेय की."

मी वळून पाहिलं. बाई दहा पावलांवर बांधावर बसलेली, डोळे रोह्यावर. घर तिथनं हाकेच्या अंतरावर. रोही अजून आत सरकला.

"वैनी?"

"चप्पल तुटलीय, भावजी. जोडायलेय."

चपला दोन्ही तिच्या पायात होत्या, धड.

मामांनी आता मागं वळून पाहिलं. बंदुकीतनं काडतूस काढून खिशात टाकलं आणि तिला म्हणाले, "सावकाश जोडा. मला घाई न्हाई."