पूर्वेला नसलेलं दार

सकाळी दहाला न्यू जर्सीतलं आयसेलिन सोडलं. डब्यात गुळाच्या दशम्या, थर्मासमध्ये चहा आणि शेजारच्या सीटवर आमचे हे, इस्त्रीचा कोट घालून. गाडी मी चालवणार होते. कोट काढून ठेवा, चुरगळेल म्हटलं, तर म्हणाले, "आज असू दे गं."

आज म्हणजे, मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या गावात ह्यांनी एकतीस वर्षं डॉक्टरकी केली, तिथल्या चर्चचा इतिहास पुस्तकरूपाने निघाला होता. तो इतिहास ह्यांनी लिहिलेला. चार वर्षांपूर्वी मुलीजवळ राहायला न्यू जर्सीला आलो, तेव्हा सगळी बाडं चर्चच्या समितीकडे सोपवली होती. आता पुस्तक निघाल्याचं पत्र आलं, तेही जुन्या गावकऱ्यांना सरसकट पाठवतात तसलं छापील. ह्यांना त्यात काही खटकलं नाही. मला खटकलं.

कनेक्टिकटमध्ये झाडं लालभडक झाली होती. ह्यांचं लक्ष तिकडे, आणि थर्मासचं झाकण नीट लागलेलं नाही हे कळलं तोवर चहा कोटावर सांडला होता. बोलायचं ते सकाळीच बोलून झालं होतं.

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथे अजून आमचे दोन चांगले शेजारी राहतात. नावही उसनंच, इंग्लंडमधल्या एका बाजाराच्या गावाचं. तिथून आलेल्या पहिल्या लोकांनी ते इकडे लावलं. पुढे कधीतरी एका गिरणीमालकाने त्या मूळ गावच्या पॅरिश चर्चची (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती) हुबेहूब नक्कल इथे बांधून घेतली.

नागपूरच्या महाल भागात देवळाला लागून असलेल्या घरात वाढलेल्या माणसाला ह्या सगळ्याचं वेड का लागावं, मला आजवर उमगलेलं नाही. पण लागलं खरं. त्यापायी आम्ही दोनदा इंग्लंडला गेलो. तिथे अजून बुधवारचा बाजार भरतो, आणि चौकात लोणी विकणाऱ्या बायकांसाठी कधीकाळी बांधलेला आठ खांबांचा मंडप आहे. ह्यांनी आठही खांब मोजले. लोकरीच्या व्यापाऱ्यांनी चर्चचा मनोरा कसकसा चढवत नेला, ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून टिपून घेतलं. मैत्रिणी स्वित्झर्लंडला जाऊन आल्या. मी गारठ्यात मोजमापाच्या टेपचं दुसरं टोक धरून उभी होते.

गावात पोचलो तेव्हा हिरवळीवर शनिवारचा बाजार मांडलेला होता. सफरचंदाच्या रसातले गरम डोनट खाल्ले. दोघातिघांनी "हाय डॉक" म्हणून हात हलवला. हे खूश.

तीन वाजता चर्चमध्ये शिरलो. ह्यांनी सवयीने दाराशी बूट काढले. आत टेबलावर पुस्तकांची चळत, आणि मागे समितीतली केरल उभी. हिच्या आईचं शेवटचं आजारपण ह्यांनीच काढलं होतं. तिने ह्यांना मिठी मारली.

"डॉक्टर, अजून बूट काढताच का?" ती हसून म्हणाली आणि पुस्तक हातात दिलं.

ह्यांनी मुखपृष्ठ पाहिलं, आतलं पान पाहिलं, मग शेवटचं. मी खांद्यावरून वाचत होते. लेखक, चर्चची इतिहास समिती. खाली सहा नावं, त्यात आमचं नाही. शेवटच्या पानावर फुलांची सजावट करणाऱ्यांचे आभार, आणि त्याखाली 'गावातल्या एका प्रेमळ डॉक्टरांचे, ज्यांचा उत्साह आम्हाला बळ देत राहिला.' आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"तुम्हाला आमच्या इतिहासात किती रस होता, आम्ही विसरलेलो नाही," केरल म्हणाली.

"हे ह्यांनी लिहिलंय," मी म्हटलं.

"हो ना, सगळ्यांनीच मदत केली. टीम एफर्ट होता अगदी."

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. म्हणून तर जास्त झोंबलं.

हे नवव्या पानावर थांबले होते. "हे बघ," मला मराठीत म्हणाले. तिथे लिहिलं होतं की मूळ चर्चप्रमाणे इथलंही मुख्य दार पूर्वेला उघडतं, त्यामुळे सकाळचं पहिलं ऊन थेट वेदीवर पडतं.

हे वाक्य मला पाठ होतं. ह्यांच्या पहिल्या खर्ड्यातलं. देवळाचं दार पूर्वेला, हे डोक्यात इतकं पक्कं की चर्चचंही तसंच असणार, असं न बघताच लिहून गेले होते. खरं तर उलटं. वेदी पूर्वेला, दार पश्चिमेला. इंग्लंडात टेप धरून उभी असताना मीच ते दाखवलं होतं आणि पोटभर हसले होते. दुरुस्तीचा कागद ह्यांनी स्वतः समितीला नेऊन दिला होता. तो कुणी उघडूनही पाहिलेला नव्हता.

"केरल, हे दार कुठल्या दिशेला आहे?" मी विचारलं.

"पूर्वेला. पुस्तकात आहे ना."

दारातून कलतं ऊन सरळ तिच्या तोंडावर येत होतं. डोळ्यांवर हात धरून ती हे सांगत होती.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी माझं कोपर दाबलं. खिशातलं पेन काढून टोपण उघडलं, क्षणभर नववं पान धरून ठेवलं, आणि पुस्तक मिटलं. मग दाराशी ठेवलेल्या पाहुण्यांच्या वहीत लिहिलं, स्वतःचं नाव, गाव आयसेलिन, शेरा 'फार सुंदर'. एकतीस वर्षं ज्यांची दुखणी काढली, त्यांच्या चर्चमध्ये ह्यांचं नाव लागलं ते पाहुणा म्हणून.

परतीच्या वाटेवर बराच वेळ मी धुमसत होते. केरलचा राग होता, समितीचा होता, सगळ्यात जास्त ह्यांचा. माणसाने इतकं गरीब असू नये. आपण परक्या गावाचा खांब न् खांब मोजतो, आणि गावाला आपलं नाव नीट लिहून घ्यायचाही उरक नसतो. गावाला आपलं म्हटलं म्हणजे गावही आपल्याला आपलं म्हणेल, असं आपण का धरून चालतो कोण जाणे.

पुस्तक ह्यांच्या मांडीवर होतं, बरोबर चहाच्या डागाखाली.

"पेन उघडलं होतंत," मी शेवटी म्हटलं. "निदान चूक तरी दुरुस्त करायची."

"केली असती," हे म्हणाले. "पण मग त्या पुस्तकात माझी खूण काय उरली असती?"