झऱ्याची ओटी

श्रावणातला सोमवार. धरणाच्या पायथ्याशी आम्ही तिघी होतो: मी, थोरल्या जाऊबाई आणि शेजारच्या शांताकाकू. धरण कसलं, गेल्या पावसात फुटलेल्या मातीच्या भिंतीची दोन टोकं.

त्याआधी भिंतीच्या बुडाशी पाणी पाझरू लागलं, तेव्हा झरा लागला म्हणून गाव हरखलं होतं. बायकांनी तिथे दगड मांडला, ओटी भरली. पाझर वाढला, तशी देवीची कृपा वाढली म्हणालो. मग एका दुपारी भिंतच गेली. तिच्यासोबत खालची आळी गेली आणि जाऊबाईंची लेक सुमन.

आज दगडासमोर जाऊबाईंनी सवयीने कुंकवाची चिमूट उचलली आणि हात तसाच थांबला.

"वाहून टाक गं. देवीचा काय दोष?" शांताकाकू म्हणाल्या.

"तिचा कसला दोष, काकू? त्या पाझरातून ती सांगत होती पळा म्हणून, आणि आपण तिची ओटी भरत बसलो," जाऊबाई म्हणाल्या.

पाणी गढूळ असतं तर आम्ही कुणाला तरी बोलावलं असतं. नितळ होतं, म्हणून हंडे भरले. चांगलं दिसतं त्याची चौकशी कोण करतं?

दगड नदीत सोडायचं ठरवून आलो होतो. पण सुमनला नेलेल्या नदीकडे न जाता जाऊबाई घराकडे वळल्या. ते काम राहिलंय.