गहिनीनाथने कंपुटर घेतला

नेवाशाच्या गहिनीनाथ वायकरला पत्रिका मांडायला त्याच्या बापाने, रखमाजींनी, शिकवलं. रखमाजी बाजारोबाजार फिरायचे, झाडाखाली पोतं अंथरून पंचांग उघडायचे. ते थकले, तेव्हा पोतं आणि पंचांग गहिनीनाथकडे आलं. बैल घ्यायला निघालेला, पोरीला स्थळ बघणारा, विहिरीला पाणी लागेना म्हणून टेकीला आलेला, असा कोणीही त्याच्यापुढे येऊन उकिडवा बसायचा.

अठ्ठ्याण्णवच्या सुमारास नगरचा एक माणूस जीपमध्ये कंपुटर घालून जत्रांना येऊ लागला. पाळणेवाल्याच्या जनरेटरवरून तो वायर घ्यायचा. जन्मतारीख सांगितली की करकर आवाज करत छापील पत्रिका बाहेर यायची. त्याच्यापुढे रांग लागायची. गहिनीनाथची जुनी गिऱ्हाइकंसुद्धा त्या रांगेत उभी राहिली आणि वर तोच कागद त्याला आणून दाखवू लागली.

"बघ बरं गहिन्या, बराबर हाय का?"

गहिनीनाथ बोटांवर आकडेमोड करून बघायचा. पत्रिका बरोबर असायची. चुकीची निघाली असती तर त्याला इतकं लागलं नसतं.

कंपुटर घ्यायचा हे मग ठरलंच. कोणता, एवढाच प्रश्न होता. नगरच्या दुकानात त्याने नवाकोरा बघितला. टीव्हीसारखा पडदा, खाली ठेवायचा डबा, वेगळा कळफलक. वर्षभराची गॅरंटी, बिघडला तर दुकानाचा माणूस घरी येणार. पण हे सगळं एम-एटी दुचाकीवर बांधून बाजाराला न्यायचं कसं, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "जीप करा की."

दापोडीला राहणाऱ्या चुलत भावाने वेगळीच वाट दाखवली. पुण्यात एक दुकान होतं. परदेशी कंपन्यांनी बदलून टाकलेले लॅपटॉप तिथे साफ करायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे. गहिनीनाथ एस.टी.ने पुण्याला गेला. दुकानदाराने काळी, जड, वहीसारखी उघडणारी वस्तू टेबलावर ठेवली. नवी असताना ती केवढ्याला होती हे ऐकल्यावर गहिनीनाथने आधी हात धोतराला पुसले, मगच कळांवर ठेवले. बॅटरी नवी घातली होती. पत्रिकेचा प्रोग्रामही चालत होता. किंमत नगरच्या नव्याएवढीच. गॅरंटी मात्र नावाला.

घरी आल्यावर राहीबाईने, त्याच्या बायकोने, स्पष्ट सांगितलं. "लोकांनी वापरून टाकलेलं आपुन कशाला घ्यायचं? नवं घ्या. बिगाडलं तर कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

"कंपनी लई मोठी हाय त्याची. साहेब लोक इमानात घेऊन फिरायचे."

"आपलं इमान चांद्याच्या बाजारात कुठं उतरनार हाय?"

रखमाजी खाटेवरून एवढंच म्हणाले, "जे उचलून नेता येतं त्ये घे. आपला धंदा पायाचा हाय."

गहिनीनाथने जुना लॅपटॉप घेतला. सोबत एक प्रिंटरही आणला.

घोडेगावच्या बाजारात पहिल्या दिवशी त्याने पोत्यावर लॅपटॉप उघडला. माणसं जमली, वाकून बघू लागली, पण बसेना कोणी.

"टीव्ही कुठाय ह्याचा?" एकाने विचारलं.

"ह्योच टीव्ही. आतच हाय."

"ही तर ब्याग हाय," दुसरा म्हणाला, आणि दोघेही लिलावाला मांडलेल्या कांद्याच्या वक्कलांकडे निघून गेले.

शेवटी एकजण बसला. गहिनीनाथने तारीख घातली, कुंडली पडद्यावर आली, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की प्रिंटरला वीज पाहिजे. लॅपटॉपला बॅटरी होती, प्रिंटरला नव्हती. पुण्याच्या दुकानात वीज होती, म्हणून हा विचार त्याच्या डोक्यातच आला नव्हता. शेजारच्या रसवंतीवाल्याकडे वायर मागितली तर त्याच्याकडेही लाईट गेलेली. गिऱ्हाईक पडद्याकडे बघत थोडा वेळ बसलं आणि उठलं.

  प्रिंटर गहिनीनाथने घरी फळीवर ठेवला आणि पुढच्या बाजारी नुसता लॅपटॉप घेऊन गेला. कुंडली पडद्यावर दाखवायची, दोन शब्द सांगायचे आणि घरी छापलेला कागद पुढच्या बाजारी द्यायचा, असं त्याने ठरवलं.

पहिल्यांदा कबूल झाली ती रंगुबाई. कुकाण्याकडची म्हातारी, नातीची पत्रिका करायला आली होती.

"जन्माची वेळ काय, मावशे?"

"धारंची येळ."

"यंत्राला तास-मिनिटं लागत्यात."

"मग तुझ्या बाला कशी लागत न्हवती?" रंगुबाई म्हणाली. "म्हशीची धार काढून मी सोप्यात आले आन पोरगी रडली. दूधगाडी अजून आली न्हवती."

गहिनीनाथला दूधगाडीची वेळ ठाऊक होती. त्याने त्यावरून अंदाजाने मिनिटं घातली. कुंडली आली. रंगुबाईने पडद्यावरच्या चौकोनाला बोट लावलं, बोटाखाली पडदा मऊ दबला तशी दचकली, आणि पुढच्या बाजारी कागद न्यायला आली. येताना सुनेच्या माहेरची दोन माणसं घेऊन आली.

असं हळूहळू जमत गेलं. कागदासाठी माणूस परत यायचाच, आणि परत आला की पुढचं काहीतरी विचारायचा. जीपवाला जत्रेपुरता होता. गहिनीनाथ दर बाजारी त्याच झाडाखाली दिसायचा.

छपाईचं काम मात्र वाढत गेलं. बाजारातून दमून आलेल्या गहिनीनाथला ते उरकेना, म्हणून राहीबाईने हात लावला. तिचं शिक्षण सातवीपर्यंत. कळांवरची इंग्रजी अक्षरं तिने आठवून आठवून ओळखली. मग लॅपटॉपच्या पडद्यावर उभ्या रेघा येऊ लागल्या. पुण्याच्या दुकानदाराने हात वर केले. तेव्हा राहीबाई स्वतः नगरला गेली आणि नवा, मोठ्या पडद्याचा कंपुटर घेऊन आली. ह्या वेळी कुणाला विचारलं नाही.

एस.टी. स्टँडजवळ त्यांनी एक गाळा भाड्याने घेतला. गहिनीनाथ तिथे आठवडाभर बसला. भिंतीकडे तोंड करून बसणं त्याला सोसेना. येणारा माणूस खुर्चीत बसून घड्याळ बघतो, बोलत काही नाही, अशी त्याची तक्रार होती. त्याने पोतं गुंडाळून एम-एटीला लावलं आणि बाजार धरला.

गाळ्यात राहीबाई बसू लागली. पत्रिकांबरोबर ती अर्ज, लग्नपत्रिका आणि पतसंस्थेच्या सभेच्या नोटिसा छापून देते. गहिनीनाथ बाजारात माणसांचे जन्म कागदावर टिपून आणतो आणि संध्याकाळी तिच्यापुढे ठेवतो. धारेची वेळ, दूधगाडी, कारखान्याचा भोंगा. मिनिटं तीच ठरवते.