काविळीची माळ आन् रक्तातला आकडा

मले नकला कराची लहानपनापासून खोड. हेडमास्तर, कंडक्टर, गल्लीतली बकरी, कोनालेच सोडलं नाही. बाबाच्या लिव्हरमंदी कॅन्सर निघाला, त्या दिवशी जालन्याहून येतानी बसमंदी मी डॉक्टरचीबी नक्कल केली. मान वाकडी करून म्हन्लं, "हे औषध कॅन्सरला थेट मारत नाही, शरीरातल्या पहारेकऱ्यांना जागं करतं. पण सगळ्यांचे जागे होतातच असं नाही. दोन सलाईननंतर रक्तातला एएफपीचा, म्हणजे या कॅन्सरच्या खुणेचा, आकडा बघू. उतरला, तर आशा जास्त."

बाबा हासले. मंग देऊळगाव राजा येईपर्यंत खिडकीबाहीर पाहत राह्यले.

पहिल्या सलाईननंतर त्याहिचे डोये पिवळे झाले. आत्यानं दुसरबीडहून काविळीची माळ आनली. हिरव्या काड्यायची, डोक्यावर बसन एवढीशी. काड्या सुकतात तशी माळ मोठी होते, गळ्यात येते, छातीवर उतरते. तशी कावीळ उतरते म्हनतात.

"आत्या, बकरीले घातली तरी उतरन ही."

"तुह्या तोंडाले आग लागो!"

पन रोज सकाळी उठलो का मी पहिले माळच पाहो.

दुसऱ्या सलाईननंतर माळ पोटापर्यंत आली. आत्या शेजारनीले बोलवून दाखवून राह्यली. बाबानं लय दिवसानं अर्धी भाकर खाल्ली. तेवढ्यात माह्या मोबाइलवर रिपोर्ट आला. आकडा दुपटीच्या वर गेलता. डॉक्टरले फोन लावाले मी मोरीमागं गेलो.

परत आलो त बाबा एकटेच होते.

"काय आलं बे?"

"आकडा वाढला."

"म्हंजे औषध लागू नाही पडलं?"

"डॉक्टर म्हनते, एकट्या आकड्यावरून ठरत नाही. स्कॅन करू म्हनते."

"आवाज कसा होता त्याचा?"

मी नकलेसाठी मान वाकडी केली, आन् तशीच सरळ केली. बाबायले समजलं.

त्याहिनं माळ काढाले हात वर नेला, आन् आत्याच्या चपलांचा आवाज आला तसा खाली घेतला.

"हिले आज नको सांगू," हळूच म्हन्ले.

आत्या चहा घेऊन आत आली. "कसं वाटते रे दादा?"

"हलकं वाटते बाई," बाबा म्हन्ले, आन् माळ पोटावर नीट सरळ केली.