अंजुमचं पुस्तक आणि माझी दुरुस्ती

भोरच्या एसटी स्टँडाजवळ माझं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं करतो. गिऱ्हाइकाच्या चुका न विचारता सुधारून देणारा तालुक्यात एकटा शफीच, असं मीच सगळ्यांना सांगायचो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस बघायचा असेल, तर माझा तेव्हाचा फोटो बघावा.

२००८च्या दिवाळीनंतर झुल्फिकारभाई टेम्पोवाले त्यांच्या अंजुमला घेऊन दुकानात आले. नववीत मेंदूज्वरानं पोरीची नजर गेली. तरी तिनं हाय खाल्ली नाही. लेखनिक घेऊन दहावीचे सगळे पेपर काढले, विज्ञानाऐवजी घेतलेला शरीरशास्त्राचा तेवढा दोनदा राहिला. पुण्यात एका दवाखान्यात फोन घ्यायची नोकरी तिच्यासाठी धरून ठेवली होती, पण जूनमध्ये दहावी पासचा कागद दाखवला तरच. म्हणजे मार्चची परीक्षा ही शेवटची.

एका संस्थेनं तिला बोलणारा कॉम्प्युटर दिला होता. मी पुस्तक टाइप करून द्यायचं, की तो नाकातून वाचून दाखवणार. पण चित्र आलं की कॉम्प्युटरही मुका. म्हणून प्रत्येक चित्रामागं त्यात काय आहे ते लिहून ठेवायचं.

"एवढंच ना?" मी म्हणालो. एवढंच!

पहिल्या खेपेला मी हृदयापासून आतड्यापर्यंत सगळ्यांमागं लिहिलं, 'आकर्षक रंगीत चित्र.' पत्रिकेची सवय हो, काय करणार? दुसऱ्याच दिवशी अंजुम दारात.

"शफीभाई, चित्र आकर्षक हाय त्येचं म्या काय लोणचं घालू? त्यात काय हाय, कुठं हाय, ते लिवा की."

आता मी स्वतः दहावीला विज्ञानात आपटलेला. पण कबूल करेल तो शफी कसला! लिहीत सुटलो. हा बाण इकडून येतो, ती नळी तिकडं जाते. आणि तेवढ्यात मला पुस्तकातली चूक सापडली. हृदयाच्या चित्रात पानाच्या डाव्या बाजूला छापलं होतं 'उजवा कप्पा', आणि उजव्या बाजूला 'डावा'. मी पोट धरून हसलो. एवढी मोठी माणसं पुस्तक काढतात आणि डावं-उजवं कळत नाही? टाकलं सुधारून. मग यकृत, जठर, मूत्रपिंडं, सगळ्यांच्या बाजू बदलल्या आणि खूश होऊन स्पेशल चहा मागवला.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना अंजुम परत आली. लई तापली होती.

"धड्यात लिवलंय, डावा कप्पा जाड भिंतीचा. तुमचं चित्र म्हनतं उजवा. खोटं कोन बोलतंय?"

"चित्र छापताना चुकलं होतं ते. मी सुधारलं," मी छाती पुढं काढून सांगितलं.

ती स्वतःच्या छातीवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "चित्रातला मानूस तुमच्याकडं तोंड करून हाय का पाठ करून?"

मी पान उलटलं. पुढच्या चित्रात अख्खा माणूस होता आणि सरळ माझ्याकडं बघत होता. त्याचा डावा हात माझ्या उजवीकडं. या अल्ला! मला तर चष्म्यासकट चार डोळे होते.

"महिनाभर म्या ह्येच पाठ केलं, शफीभाई. चित्रांचं माझ्याकडं दुसरं काय हाय? तुमी लिवता तेवढंच."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तीन दिवस दुकानाचं एकही काम घेतलं नाही. अंजुम स्टुलावर बसायची, मी एकेक चित्र नीट वाचायचो, ती स्वतःच्या अंगावर हात ठेवून ताडून बघायची आणि आधीचं पाठ केलेलं विसरायचा प्रयत्न करायची. ते सगळ्यात अवघड गेलं.

जूनमध्ये निकाल लागला. शाळेतून ती थेट दुकानात आली. कागद माझ्या हातात दिला, पण सोडेना.

"वाचा."

"शरीरशास्त्र, अठ्ठावन्न. पास झालीस गं पोरी!" मी ओरडलोच.

अंजुम हसली नाही. दुकानात फ्लेक्स न्यायला आलेला एक अनोळखी माणूस फोनवर बोलत उभा होता. त्याच्या आवाजाच्या दिशेनं तिनं मान वळवली.

"कागद त्येंच्याकडं द्या, शफीभाई."

मी मुकाट्यानं दिला. त्यानंही अठ्ठावन्नच वाचलं, तेव्हा कुठं ती स्टुलावर बसून रडली.