एकसष्ट किलोंचे साहेब

आम्ही राहतो त्या जागेला वृद्धाश्रम म्हटलं की व्यवस्थापिकाबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबतात. पाटीवर ‘ज्येष्ठ निवास’ लिहिलंय, म्हणून मीही तेच म्हणते. वरचा मजला ज्यांना आपलं आपण उठता-बसता येतं त्यांचा. ज्यांना येत नाही ते तळमजल्यावर, जिथे खाटांना कठडे आहेत आणि दारांना आतून कड्या नाहीत. “त्यांना खाली नेलं” एवढं वाक्य आमच्यात पुरतं. पुढे कोणी काही विचारत नाही.

टेलरमास्तर माझ्या समोरच्या खोलीत. बेचाळीस वर्षं पुरुषांचे कपडे शिवले, बायको गेल्यावर दुकान विकलं, पण शिवणयंत्र बरोबर घेऊन आले. इथे त्यांना कामाला तोटा नाही. या वयात माणसं आटत जातात. पँट कमरेवर राहत नाही, बाही बोटांपर्यंत येते. मास्तर सगळं आत घेऊन देतात, ते इतकं बेमालूम की भेटायला आलेली मुलं म्हणतात, “बाबा, तब्येत छान आहे हं!” कोण किती आटलं ते डॉक्टरांच्या आधी मास्तरांना कळतं. पण गिऱ्हाइकाचं माप चारचौघांत बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. हे सारं त्यांनीच मला सांगितलं, माझ्या खोलीत बसून, चहा गार होऊ देत.

मास्तरांच्या शेजारी मोजणीसाहेब. त्यांचा जन्म जमिनी मोजण्यात गेला. रोज चार वाजता दोघांचे पत्ते, आणि पत्त्यांपेक्षा भांडण जास्त.

“मी एकर मोजले मास्तर, तुम्ही कंबरा मोजल्यात.”

“तुमच्या मोजणीपायी भाऊ भाऊ कोर्टात गेले, साहेब. माझ्या मोजणीपायी फार तर एखादं बटण तुटलं.”

गेल्या वर्षी साहेबांनी पँट आत घ्यायला दिली. दोन महिन्यांनी पुन्हा. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं.

“एक तारखेला वजन आहे. दोन किलो तरी कमी भरणार. मग पुतण्याला फोन, मग तपासण्या, मग खाली. एकदा खाली गेलेला माणूस परत वर आलेला पाहिलाय तुम्ही?”

मास्तरांनी पाहिला नव्हता.

मग या दोन शहाण्यांनी काय करावं? जेवणाच्या हॉलमधले पडदे उडू नयेत म्हणून त्यांच्या खालच्या दुमडीत शिशाच्या चकत्या असतात. पडदे दुरुस्तीला मास्तरांकडेच येतात. मास्तरांनी त्या चकत्या काढल्या आणि साहेबांच्या बिनबाह्यांच्या जाकिटाच्या अस्तरात शिवल्या. आमची सिस्टर फक्त चपला काढायला लावते. एक तारखेला काटा एकसष्टवर थांबला. पुढच्या एक तारखेला पुन्हा चकत्या, पुन्हा एकसष्ट. हॉलचे पडदे वाऱ्याने ताटांवर यायला लागले तेव्हा व्यवस्थापिकाबाईंनी खिडक्यांना दोष दिला. मास्तर गंभीर चेहऱ्याने “हो ना” म्हणाले.

त्यांना या कामाचा अभिमान वाटत होता. तेही त्यांनी कबूल केलं. साडेपाच किलो शिसं अंगावर आणि जाकिटाला एक सुरकुती नाही! अशी शिलाई त्यांनी दुकानातही केली नव्हती.

एका एक तारखेला वजन देऊन दोघं वर येत होते. सहाव्या पायरीवर साहेब खाली बसले. ओठ पांढरे पडलेले, हात कठड्यावर. “काही नाही, जरा दम लागला,” म्हणाले. मास्तरांनी उठवायला त्यांच्या काखेत हात घातला. शिसं वगळलं तर उचलायला फारसं काही उरलंच नव्हतं.

जिन्यातलं मास्तरांनी कोणाला सांगितलं नाही. चार वाजता पत्ते चालूच होते.

पुढच्या एक तारखेला तळमजल्यावर रांग होती. साहेबांचा पाय काट्यावर पडणार तेवढ्यात मागून मास्तर म्हणाले, “सिस्टर, यांना जाकीट काढायला सांगा.”

सिस्टरने जाकीट हातात घेतलं आणि तिचा हात खाली गेला. काट्याने चोपन्न दाखवलं. रांगेत कोणी हसलं नाही. साहेबांनी मागे वळून पाहिलं, आणि चपला न घालताच बाकावर जाऊन बसले.

आठ दिवसांत तपासण्या झाल्या. पोटात गाठ होती. कापून काढण्याची वेळ गेली होती, आता गोळ्यांवर जितकं होईल तितकं. साहेबांना खाली नेलं. व्यवस्थापिकाबाईंनी मास्तरांना बोलावून चांगलं फैलावर घेतलं, ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं. रोज चार वाजता मास्तर खाली जायचे, खाटेशेजारी खुर्ची ओढायचे. साहेब भिंतीकडे तोंड करून पडायचे. तीन आठवडे असे गेले. मी म्हटलं, “मास्तर, जाऊ नका काही दिवस.” ते म्हणाले, “न जाऊन मी करू काय, ताई?”

मग एक दिवस भिंतीकडे बघतच साहेबांनी विचारलं, “जिन्यात बसलो तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना?”

“हो.”

“मग महिनाभर का थांबलात?”

शब्द दिला होता, दोस्ताला तोंडघशी कसं पाडायचं, अशी उत्तरं मास्तरांकडे तयार होती. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

“तुम्ही खाली आलात की चार वाजता मी कोणाकडे जायचं?” ते म्हणाले. “तुमची नाही, माझीच काळजी होती ती. आणि तोच महिना नडला असेल तर...”

साहेब हळूहळू कूस बदलून त्यांच्याकडे वळले.

“मी डॉक्टरांना विचारून घेतलंय,” जमिनीची हद्द सांगावी तशा ठाम आवाजात ते म्हणाले. “वेळ निघून गेली ती वर्षापूर्वीच. पहिल्या चकतीच्याही आधी. त्या महिन्याने इकडचं तिकडे झालेलं नाही. डोळे पुसा, सिस्टर बघतेय.”

मास्तरांना त्या रात्री खूप दिवसांनी झोप लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डॉक्टरांना जिन्यापाशी गाठलं आणि आभार मानले, साहेबांना सगळं नीट समजावून सांगितल्याबद्दल. डॉक्टर गोंधळले. साहेबांनी आजवर त्यांना एकच प्रश्न विचारला होता, खिडकीजवळची खाट मिळेल का म्हणून. वेळ कधी गेली, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

मास्तर अजून रोज चारला खाली जातात. आपल्याला हे कळलंय, हे त्यांनी साहेबांना सांगितलेलं नाही.